दत्तकविधान झाले, पुढे काय?
परदेशात गेलेले किंवा परदेशातून आलेले मूल कायद्याने पूर्णपणे आपले होईपर्यंतची वाट

पुलगाव-आर्वी मार्गावरच्या रोहण्यासारख्या गावात दत्तकविधान ही काही नवी गोष्ट नाही. मूलबाळ नसलेल्या काकाने पुतण्याला दत्तक घ्यावे, चार नातेवाइकांसमक्ष मूल मांडीवर द्यावे, मुद्रांक कागदावर दत्तकपत्र लिहावे आणि पुढे सातबाऱ्यावर त्याचे नाव चढावे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. काका आर्वीला किंवा अमरावतीला राहत असे तोवर या रीतीत फारशी अडचण नव्हती. आज तोच काका न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असतो. दत्तकपत्र तेच, साक्षीदार तेच. पण मधे दोन देशांची सरहद्द येते आणि मग केवळ दत्तकपत्राने भागत नाही.

दुसऱ्या बाजूला, नोकरीनिमित्त परदेशी राहिलेले आणि तेथलेच मूल दत्तक घेऊन गावी परतणारे जोडपेही असते. त्यांच्यापुढचे प्रश्न निराळे असतात. मूल भारतीय नागरिक आहे काय? शाळेत कोणता जन्मदाखला चालेल? शेतीत त्याचा वाटा किती? दोन्ही बाबतींत एक गोष्ट समान आहे. दत्तकविधानाचा आदेश हाती पडला म्हणजे काम संपले, असे समजून पालक निर्धास्त होतात आणि उरलेली कागदपत्रे मागे पडतात. त्याचा त्रास पालकांना सहसा होत नाही, तो मुलाला होतो आणि तोही पुष्कळ वर्षांनी.

अपुऱ्या कागदाची किंमत

हे केवळ भीती घालण्यासाठी सांगितलेले नाही. १९८९ मध्ये मुंबईतून एक लहान मुलगी दत्तकासाठी अमेरिकेला नेण्यात आली. ती तेथेच वाढली, तिचे लग्न झाले, तिला दोन मुले झाली. मात्र तिच्या नागरिकत्वाची प्रक्रिया कोणीच पूर्ण केली नव्हती. पुढे अमली पदार्थांच्या एका गुन्ह्यात ती दोषी ठरली, तेव्हा अमेरिकेच्या दफ्तरी ती परदेशी नागरिक असल्याचे निष्पन्न झाले आणि २००८ मध्ये तिला भारतात परत धाडण्यात आले. ज्या देशाची भाषा ती विसरली होती, जेथे तिचे कोणी नव्हते, तेथे ती एकटी उतरली. नवरा आणि मुले अमेरिकेतच राहिली. आपल्यावरील अन्यायाची दाद मागण्यासाठी तिला मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले.

अमेरिकेने २००० मध्ये बाल नागरिकत्व कायदा केला आणि तो २७ फेब्रुवारी २००१ पासून अमलात आला. अमेरिकी नागरिकांनी दत्तक घेतलेल्या मुलांना त्याने आपोआप नागरिकत्व दिले खरे. परंतु त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षे पूर्ण झाली होती, त्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. या मुलीचे वय त्या मर्यादेच्या थोडे पलीकडे गेले होते. ती अल्पवयीन असताना एक अर्ज वेळेवर झाला असता, तर तिच्यावर देश सोडण्याची वेळ आली नसती.

दोन कायदे, एक सरहद्द

आपल्याकडे दत्तकाचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६. हा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू आहे. त्यानुसार मूल पंधरा वर्षांखालील, अविवाहित आणि पूर्वी दत्तक न गेलेले असावे लागते. पंधरा वर्षांच्या व विवाहाच्या अटीला रूढीचा अपवाद आहे. दत्तहोम केलाच पाहिजे असे नाही. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे मात्र आवश्यक आहे. दत्तकपत्र नोंदवणे सक्तीचे नसले, तरी देणारा व घेणारा या दोघांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र असेल, तर दत्तक कायदेशीरपणे झाले असे न्यायालय कलम १६ नुसार गृहीत धरते. नोटरीकडे केलेल्या कागदाला हे बळ नाही, हे गावाकडच्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा मार्ग म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. हा सर्व धर्मीयांना खुला आहे. पूर्वी मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी पालकांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले. या दोन मार्गांत आणखी एक फरक आहे. घरात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेण्यास १९५६ चा कायदा मनाई करतो. परंतु अनाथ, सोडून दिलेल्या किंवा संस्थेकडे सोपवलेल्या मुलीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेताना ही आडकाठी येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला.

सरहद्द ओलांडणाऱ्या दत्तकाला १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यापासून शिस्त लागली. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे गैरव्यवहार होतात, अशी तक्रार करणारे पत्र या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि न्या. पी. एन. भगवती यांनी तपशीलवार दंडक घालून दिले. त्यातूनच १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे आज 'कारा' या नावाने ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. आंतरदेशीय दत्तकासंबंधीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला.

बाल न्याय कायद्याच्या कलम ५६ नुसार सर्व आंतरदेशीय दत्तके याच कायद्याप्रमाणे व्हावी लागतात. वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणे हा दंडनीय अपराध आहे. म्हणूनच आर्वीच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले दत्तकपत्र घेऊन थेट व्हिसा कार्यालयात जाणाऱ्यांच्या पदरी सहसा निराशा येते. हेग करारातील देशाला दत्तकपत्राबरोबर 'कारा'ची मोहोर हवी असते.

नात्यातले मूल परदेशी जाताना

समजा, रोहण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा त्याच्या अमेरिकावासी भावाला दत्तक द्यावयाचा आहे. पहिला प्रश्न नात्याचा. बाल न्याय कायद्यात 'नातेवाईक' या शब्दाची व्याख्या आपल्या बोलण्यातल्यासारखी ऐसपैस नाही. मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच तीत येतात. गावात चुलतकाकालाही काकाच म्हणतात. कायद्याच्या नजरेत मात्र तो या यादीत बसत नाही. अर्ज करण्यापूर्वी एवढी एक गोष्ट तपासली, तरी पुष्कळांची वर्षभराची पायपीट वाचेल.

दुसरा प्रश्न भावाच्या नागरिकत्वाचा. अमेरिकेत हेग करारानुसार मुलासाठी अर्ज करण्याची मुभा केवळ अमेरिकी नागरिकाला आहे. ग्रीनकार्डधारकाला ती नाही. त्याने दत्तक घेतलेल्या मुलासाठी अर्ज करावयाचा, तर मुलाच्या वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी दत्तक झालेले असावे लागते आणि मूल दोन वर्षे त्याच्या कायदेशीर ताब्यात व प्रत्यक्ष सहवासात राहिलेले असावे लागते. नोकरी अमेरिकेत आणि मूल रोहण्यात, अशा स्थितीत ही अट कशी पुरी करणार? मूल दत्तक दिल्यावर हा प्रश्न सुचला, तर मूल कागदोपत्री एका घरचे आणि प्रत्यक्षात दुसऱ्या घरचे, अशा त्रिशंकू अवस्थेत अडकते. तेव्हा परदेशातील इमिग्रेशन वकिलाचा सल्ला दत्तकविधानाच्या आधी घ्यावयाचा असतो, नंतर नव्हे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील, तर पुढची वाट अशी आहे. परदेशातील मान्यताप्राप्त संस्था किंवा तेथील केंद्रीय प्राधिकरण दत्तक पालकांच्या घराचा अभ्यास-अहवाल तयार करते आणि 'कारा'च्या संगणकीय प्रणालीवर नोंद करते. इकडे वर्ध्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या कुटुंबाची पाहणी करून अहवाल देतो. जन्मदात्या आई-वडिलांची संमती लागते आणि मूल पाच वर्षांचे किंवा मोठे असेल, तर त्याचीही. मूल आपण होऊन जाऊ इच्छिते काय, हे विचारणे हा उपचार नसून या प्रक्रियेचा गाभा आहे, हे वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपवला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून ती दुरुस्ती अमलात आली. न्यायालयात आधीपासून प्रलंबित असलेली प्रकरणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे वर्ग करू नयेत, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला होता. त्यामुळे आपले प्रकरण कोणापुढे चालेल, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून लेखी विचारून घेणे इष्ट. आदेशासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत घातली आहे. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश मान्य नसल्यास तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

आदेशाशिवाय दोन कागद 'कारा'कडून मिळवावयाचे असतात : ना-हरकत प्रमाणपत्र आणि हेग कराराच्या अनुच्छेद २३ खालील अनुरूपता प्रमाणपत्र. दुसऱ्या प्रमाणपत्रामुळे करारातील सर्व देशांत हे दत्तक आपोआप मान्य होते. त्यानंतर नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडून मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि मग व्हिसा, असा क्रम असतो.

ज्यांनी १९५६ च्या कायद्याखाली दत्तकपत्र करून ठेवले आहे, त्यांचे काय? त्यांची वर्षानुवर्षे कोंडी होत असे. १७ सप्टेंबर २०२१ च्या अधिसूचनेने आणि त्यानंतर २०२२ च्या दत्तक विनियमांनी त्यांना वाट करून दिली. जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून दत्तकाची पडताळणी आणि परदेशातील प्राधिकरणाची आवश्यक संमती मिळाल्यावर 'कारा' ना-हरकत प्रमाणपत्र देऊ शकते. येथेही नोंदणीकृत दत्तकपत्रच उपयोगी पडते.

विमान उतरल्यावरची कामे

मूल परदेशी घरात पोहोचले म्हणजे नातेवाइकांची सर्वांत मोठी काळजी मिटते. पण कागदांचे निम्मे काम पुढेच असते. अमेरिकेत मूल कोणत्या व्हिसावर आले, यावर बरेच अवलंबून आहे. दत्तकाचा आदेश भारतातच पूर्ण झाला असेल, तर 'आयएच-३' व्हिसा मिळतो. अठरा वर्षांखालील मूल अमेरिकी आई-वडिलांबरोबर राहण्यासाठी तेथे उतरताच नागरिक होते आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र टपालाने घरी येते. केवळ पालकत्वाच्या आदेशावर मूल गेले असेल, तर व्हिसा 'आयएच-४' असतो. अशा मुलाचे दत्तक अमेरिकेतील न्यायालयात पूर्ण करावे लागते. तोवर ते नागरिक होत नाही. शिवाय प्रमाणपत्रासाठी 'एन-६००' हा अर्ज पालकांना स्वतः करावा लागतो. वर सांगितलेल्या मुलीसारखे प्रसंग ओढवतात ते याच फटीतून.

नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, अमेरिकी पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक हे तीनही कागद मूल सज्ञान होण्याच्या पुष्कळ आधी घरात असावेत. केवळ पासपोर्टवर विसंबू नये, कारण त्याची मुदत संपते. प्रमाणपत्राची संपत नाही.

मुलाने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व राहत नाही, कारण आपल्या राज्यघटनेला व नागरिकत्व कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. भारतीय पासपोर्ट वकिलातीकडे परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे आणि मग भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून, म्हणजे 'ओसीआय' कार्डासाठी अर्ज करावा. हे कार्ड असले की आजी-आजोबांना भेटायला प्रत्येक वेळी व्हिसा काढावा लागत नाही. लहानपणी काढलेले कार्ड वयाच्या विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट घेतल्यावर एकदा बदलून घ्यावे लागते.

याखेरीज दोन वर्षे पाठपुराव्याचे अहवाल पाठवावयाचे असतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, मुलाशी बोलतो, त्याची तब्येत, शाळा, घरातील वावर यांची नोंद करतो. काही पालकांना ही सरकारी ढवळाढवळ वाटते. वस्तुतः घर बदललेल्या मुलाच्या बाजूने कोणीतरी पाहत आहे, याची ती एकमेव सोय असते. मूल घरात रुळत नसेल, तर लपवाछपवी न करता ते याच वेळी सांगावे. समुपदेशन आणि गरज पडल्यास पर्यायी व्यवस्था करण्याची तरतूद विनियमांत आहे.

परदेशातील मूल रोहण्यात येताना

आता उलट दिशा पाहू. भारतीय नागरिक असलेल्या जोडप्याने परदेशात तेथील मूल दत्तक घेतले, तर सर्व प्रक्रिया प्रथम त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पूर्ण व्हावी लागते. तो देश हेग करारात असेल, तर मूल स्वीकारणारा देश म्हणून भारताची संमती 'कारा'कडून घ्यावी लागते. मूल परदेशी पासपोर्टवर येत असल्याने तेथील भारतीय वकिलातीकडे प्रवेश व्हिसासाठी अर्ज करावयाचा. दत्तक रीतसर झाले आहे याची खात्री करून वकिलात व्हिसा देते. तसेच वकिलातीमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी घ्यावी लागते.

आखाती देशांत राहणाऱ्यांनी अधिक सावध असावे. इस्लामी कायद्यात दत्तकाऐवजी 'कफाला' नावाची सांभाळाची पद्धत आहे. मुलाचा सांभाळ तीत येतो, पण त्याचे मूळ कुळ बदलत नाही आणि त्याला आपोआप वारसाहक्क मिळत नाही. तेथील पालकत्वाच्या आदेशाला दत्तक समजून गावी येणे ही मोठी फसगत ठरेल.

परदेशातील मूल दत्तक घेतल्याने ते आपोआप भारतीय नागरिक होत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील वंशाने नागरिकत्व देणारी तरतूद भारतीय आई-वडिलांच्या पोटी परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी आहे. दत्तक मुलासाठी कलम ५ खालील नोंदणीचा मार्ग असतो. भारतीय नागरिकांची अज्ञान मुले आणि विशेष परिस्थितीत कोणतेही अज्ञान मूल यांची नागरिक म्हणून नोंदणी करण्याची तरतूद त्या कलमात आहे. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पुढे जातो. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मूल परदेशी नागरिकच असते. म्हणून व्हिसाची मुदत संपू न देणे आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीबाबत जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात वेळेवर विचारणा करणे ही पालकांची जबाबदारी आहे. या विषयावरील जुने कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. त्यामुळे पूर्वी कोणी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये.

गावी आल्यावर आर्वीला जाऊन पुन्हा एकदा दत्तकपत्र करावे, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो मानण्यापूर्वी थांबावे. एकदा दत्तक गेलेले मूल पुन्हा दत्तक घेता येत नाही, असे १९५६ चा कायदा सांगतो. दुसऱ्या दत्तकपत्रामुळे पहिल्याच्या वैधतेविषयी उगाच शंका निर्माण होते. हेग करारातील देशाचे अनुच्छेद २३ चे प्रमाणपत्र असेल, तर ते पुरेसे मानले जावे. तसे नसल्यास परदेशी न्यायालयाचा निवाडा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या कसोट्यांवर तपासला जातो. तो अधिकार असलेल्या न्यायालयाने, गुणदोषांवर आणि नैसर्गिक न्यायाला धरून दिलेला असला पाहिजे. आवश्यकता भासल्यास दिवाणी न्यायालयाकडून मुलाच्या दर्जाविषयी घोषणा करून घेता येते.

शाळेच्या बाबतीत मात्र घाबरण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही.

जन्मदाखला, नावे आणि मोहोर

दत्तकाच्या आदेशाच्या आधारे दत्तक पालकांची नावे असलेला जन्मदाखला घेता येतो. मूल रोहण्यात जन्मलेले असेल, तर त्यासाठी जन्माची मूळ नोंद असलेल्या कार्यालयात, म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा प्रसूती झालेल्या गावच्या निबंधकाकडे जावे लागते. हे काम मूल परदेशी जाण्यापूर्वी उरकावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्मतारीख व जन्मस्थळ यांसाठी जन्मदाखला हाच आधार ठरवण्यात आला आहे, म्हणून त्यातील प्रत्येक अक्षर महत्त्वाचे.

अक्षरांचा घोळ आपल्याकडे फार. गावाचे नावच पाहा. रोमन लिपीत 'रोहणा' हे नाव मधला 'अ' घेऊन आणि तो गाळून, अशा दोन्ही तऱ्हांनी लिहिले जाते. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे आणि दत्तक आदेशाच्या भाषांतरात तिसरेच, असे झाले की परदेशी अधिकाऱ्याला ती तीन गावे वाटतात. वडिलांच्या नावापुढील 'राव', आईचे माहेरचे व सासरचे नाव यांचेही तसेच. सर्व कागदांवर एकच रूप ठेवावे. जुन्या कागदात फरक असेल, तर तसे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे.

भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. राज्य शासनाच्या पडताळणीनंतर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल मोहोर उमटली, की तो कागद करारातील इतर देशांत वेगळ्या साक्षांकनाशिवाय चालतो. परदेशातून येणाऱ्या कागदांवरही तेथील अपोस्टिल घेऊनच निघावे. रोहण्यात बसून परदेशातील कचेरीचा शिक्का मिळवणे किती जिकिरीचे असते, हे सांगायला नकोच.

शेतीतला वाटा

दत्तकाच्या दिवसापासून मूल सर्व अर्थांनी दत्तक पालकांचे अपत्य होते आणि जन्मदात्या घराशी असलेले त्याचे कायदेशीर नाते संपते. दोन गोष्टी मात्र कायम राहतात. जन्मघरच्या नात्यात जो विवाह निषिद्ध होता, तो निषिद्धच राहतो. दत्तकापूर्वी जी मालमत्ता मुलाकडे आलेली असते, ती त्याचीच राहते. समजा, वडील वारल्यामुळे सातबाऱ्यावर मुलाचे नाव आधीच लागले आहे आणि आई त्याला मामाला दत्तक देते. ती जमीन मुलाकडून जात नाही. फक्त सातबाऱ्यावरील 'अ.पा.क.' या नोंदीतील पालकाचे नाव बदलून घ्यावे लागते. त्यासाठी दत्तक आदेशासह तलाठी कार्यालयात अर्ज करावा. अज्ञान मुलाची जमीन न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. दत्तक पालकांनाही नाही. एकत्र कुटुंबाची वाटणी झालेली नसेल, तर मुलाचा हिस्सा किती आणि तो टिकतो काय, हे दत्तकापूर्वीच वकिलाकडून तपासून घ्यावे. पुढे भावाभावांत कोर्टकज्जे होतात ते येथेच.

परदेशी नागरिक झालेल्या मुलाला वडिलोपार्जित शेती मिळू शकते काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. परदेशस्थ भारतीयांना किंवा 'ओसीआय' कार्डधारकांना शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. हा हक्क सिद्ध करण्यासाठी पुन्हा दत्तकाचा आदेश आणि जन्मदाखलाच लागतो.

दवाखान्याची फाईल

मुलाबरोबर त्याच्या आरोग्याचा इतिहासही जायला हवा. विदर्भात सिकलसेलचा आजार आढळतो आणि परदेशातील साध्या दवाखान्यात त्याचा विचार चटकन होईलच असे नाही. सिकलसेलची तपासणी करून तिचा अहवाल फाईलीत ठेवावा. आपल्याकडे जन्मतः बीसीजी लस देतात. त्यामुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते. लसीकरणाचे कार्ड सोबत असले, म्हणजे अनाठायी धावपळ टळते. आईच्या बाळंतपणातील अडचणी, घरातील आनुवंशिक आजार यांची माहिती नात्यातील दत्तकात सहज मिळते. ती तोंडी न ठेवता लिहून घ्यावी.

मुलाला सांगायचे केव्हा?

अखेरचा विषय कायद्याच्या पलीकडचा, तरी कायद्याने विचारात घेतलेला. आपण दत्तक आहोत, हे मुलाला घरातूनच, लहानपणी आणि साध्या शब्दांत कळावे. नात्यातील दत्तकात तर ते लपतही नाही. सुट्टीत रोहण्याला आल्यावर शेजारची कोणी आजी ते सहज बोलून जाते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मूळ ठिकाणाचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसह. जन्मदात्यांची ओळख मात्र त्यांच्या संमतीशिवाय उघड केली जात नाही. जी मुले संस्थेतून परदेशी गेली, त्यांच्यासाठी संस्थेची फाईल हाच भूतकाळ असतो. म्हणून पालकांनी आपल्याजवळच्या प्रत्येक कागदाची प्रत जपावी.

शेवटी एक इशारा. कागद लवकर करून देतो म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतातच. दत्तकाच्या बदल्यात पैसे देणे-घेणे हा १९५६ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलाची खरेदी-विक्री केल्यास बाल न्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशीला पैसे पडत नाहीत.

घरी एक फाईल करावी : दत्तक आदेश किंवा नोंदणीकृत दत्तकपत्र, 'कारा'ची प्रमाणपत्रे, दोन्ही जन्मदाखले, पासपोर्टच्या प्रती, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, पाठपुराव्याचे अहवाल, आरोग्याची कागदपत्रे आणि जमिनीचे उतारे. तिची एक प्रत गावी, एक परदेशी असावी. मूल अठरा वर्षांचे झाले की ती त्याच्या हाती द्यावी. तोवर तीतला एकही कागद अपुरा राहू नये, एवढे पालकांनी पाहिले म्हणजे पुरे.